झालंच समजा

साळवेकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, खडू असायचा. पांढरा, शाळेतला. मोडू नये म्हणून त्याला ते इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारायचे. निळ्या गणवेशाच्या त्या खिशावर कायम पांढरट डाग असे. सुप्याच्या कारखान्यात मी प्लॅनिंगला लागले त्या पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये एकीनं त्यांच्याकडे बोट दाखवून मला सांगितलं, "त्या माणसापासून जपून राहा. तो फुली मारतो." मला वाटलं, करणीबिरणीचा प्रकार आहे की काय.

प्रकार तसा नव्हता, पण माणसं घाबरायची ती जवळपास तशीच.

आमच्याकडे दूध यायचं, थंड व्हायचं, पिशव्यांत भरून बाहेर पडायचं. हा सगळा थंडावा मागच्या अंगाच्या कॉम्प्रेसर रूममधून यायचा, अमोनियाच्या जोरावर. हा गॅस नळीत आहे तोवर गरीब गाय. बाहेर आला आणि थोडा नाकात गेला तर डोळ्यांतून धारा लागतात. जास्त गेला तर छाती आतून जळते. तिथे काम करणारी माणसं त्याचं नावही घेत नसत, 'वास' म्हणत. "आज जरा वास हाय," एवढंच.

योसेफ साळवे देखभाल विभागात होते. कुठल्या यंत्राचं कुठलं काम कधी करायचं, आणि ते झालं की नाही, हे बघणं त्यांच्याकडे. हुद्द्याचं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं. ते स्वतः म्हणायचे, "मी तगादेवाला." सकाळी आठला घडी केलेला कागद हातात घेऊन फेरी सुरू. ज्या यंत्राचं काम तारीख उलटून गेली तरी राहिलं असेल, त्याच्या अंगावर खडूनं हातभर फुली मारायची, खाली तारीख घालायची आणि पुढे निघायचं. फुली पुसायची ती ज्यानं काम केलं त्यानंच, आणि तीही काकांच्या समोर. आधी काका बोल्ट हातानं हलवून बघणार, बेल्ट दाबून बघणार, वाकून खालून बघणार. मग म्हणणार, "हां, पूस."

आणि फुली तिसऱ्या दिवशीही तशीच दिसली, तर ते त्या माणसाच्या मागे जाऊन उभे राहायचे. हात पाठीमागे बांधून, काही न बोलता. तो पंपाकडे गेला की हे पंपाकडे. तो चहाला बसला की हे दोन हातांच्या अंतरावर उभे. फिटर लोक म्हणायचे, "शिव्या द्या तात्या, पन असं हुबं राहू नका." काका शिव्या देत नसत. देवळातल्या, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या, शेवटच्या बाकावरच्या माणसासारखा त्यांचा चेहरा शांत असे.

"झालं का?" असं त्यांनी कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. ते विचारायचे, "बघितलं का?" मी नवीन होते तेव्हा एकदा त्यांच्याकडे एक यादी घेऊन गेले आणि म्हणाले, "काका, ही सगळी कामं झाली."

"तुमी बघितली?"

"नाही, पण सगळ्यांनी सांगितलं ना."

"मग सांगितली म्हना, ताई. झाली कशाला म्हनता?"

मला राग आला. मी काही कमी तोंडाळ नाही. पण यादी उचलून परत आले. नंतर मैत्रिणीजवळ त्यांची यथेच्छ नक्कल केली. नक्कल चांगली करायचे मी त्यांची, सगळे हसायचे. आता कुणी करून दाखव म्हटलं तर मला जमणार नाही.

एकदा त्यांनी प्लांट मॅनेजरच्या केबिनच्या काचेवर फुली मारली. देशमाने साहेबांच्या खुर्चीमागे आग विझवायचं एक नळकांडं टांगलेलं होतं, त्याची मुदत संपली होती. त्याच दिवशी बाहेरून मोठी मंडळी कारखाना बघायला यायची होती. साहेब बाहेर येऊन बघतात तर काचेवर हातभर फुली, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती बरोबर त्यांच्या खुर्चीवर दिसणारी.

"अहो साळवे, पाहुणे येतायत. आजच्या दिवस पुसा."

"म्हनूनच मारली, साहेब. कुठं बसू नये ते त्यांनाबी कळलं पाहिजे."

तासाभरात नवं नळकांडं लागलं. साहेबांनी स्वतःच्या रुमालानं काच पुसली आणि काका शेजारी उभं राहून बघत होते. आम्ही सगळे खाली मान घालून हसत होतो. साहेबही हसले, पण ते हसणं त्यांच्या ओठांपलीकडे गेलं नाही. त्यांनी ते मनात ठेवलं होतं, हे मला पुढे कळलं.

काका मूळचे श्रीरामपूरचे. आठवडाभर सुप्यात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी एसटीनं घरी जायचे. मीही नगरला जाणारी, त्यामुळे शनिवारी फाट्यावर आमची गाठ पडे. तिथे एकदा चहा घेताना मी त्यांना विचारलं, "काका, हे फुलीचं खूळ कुठून आलं?"

ते मग सांगायला लागले. तरुणपणी ते तिकडे एका साखर कारखान्यात होते. उसाच्या पट्ट्याशेजारी एका साखळीवरचं लोखंडी झाकण काढून ठेवलेलं होतं. पुढची पाळी सुरू व्हायच्या आधी ते बसवायचं होतं. काकांनी फिटरला विचारलं, झाकण बसवलं का.

"त्यो म्हनला, तात्या, झालंच समजा. त्यो काय खोटं न्हवता बोलत, ताई. पाना हातात हुता त्याच्या. पाच मिन्टात बसवनारच हुता. त्याला मधीच कुनी हाक मारली." काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "त्यानं समजा म्हनलं आन् मी समजलो."

"मग?"

"मग काय. पुढच्या पाळीचा मानूस आला, त्याचा हात गेला. हितनं." त्यांनी स्वतःच्या कोपराच्या वर बोट टेकवलं. "फिटरला मेमो मिळाला. मला कुनी काय बोललं न्हाई. मी तर इचारलं हुतं ना! कागदावर बरोबर हुतो मी."

समोरून एसटी आली. ते उठले आणि पिशवी सावरत म्हणाले, "आपल्याकडं मानूस खोटं बोलत न्हाई, ताई. आन् खरंबी बोलत न्हाई. 'समजा' म्हनतो."

हे मला माहीत होतं. पुढचं सगळं घडण्याच्या आधी माहीत होतं, आणि हे मला लिहिताना सोपं जात नाही.

काकांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा देशमाने साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "एक माणूस दिवसभर खडू घेऊन फिरतो, हे बरं दिसत नाही. तुम्हाला एक्सेल चांगलं येतं ना? हा तगादा कॉम्प्युटरवर घ्या." मला आनंद झाला. खरंच झाला. मॅक्रो लिहिण्यात माझा हात बरा होता आणि आजवर त्याचं कुणाला कौतुक नव्हतं.

फाईल साधी होती. काम, कुणी करायचं, कधीपर्यंत, आणि शेवटचा रकाना 'स्थिती'. प्रत्येक विभागानं आपापल्या संगणकावरून हा शेवटचा रकाना भरायचा. मॅक्रो म्हणजे एक्सेलला आधीच लिहून ठेवलेला हुकूम. रोज सकाळी साडेआठला फाईल आपोआप उघडायची, मॅक्रो एकेक ओळ वाचत खाली जायचा, तारीख जवळ आली असेल किंवा उलटली असेल आणि स्थितीच्या रकान्यात 'झालं' नसेल तर त्या माणसाच्या नावानं मेल पाठवायचा. 'झालं' दिसलं की ओळ हिरवी आणि मेल बंद. एक अडचण आली. मॅक्रो लिहायच्या खिडकीत देवनागरी टाकली की नुसती प्रश्नचिन्हं उमटायची. मग मी दुसऱ्या पानावर एका कोपऱ्यातल्या चौकटीत 'झालं' हा शब्द लिहून ठेवला आणि मॅक्रोला सांगितलं, तो शब्द बघ आणि त्याच्याशी ताडून पाहा. ही युक्ती सुचली त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होते. मेलच्या वर विषय म्हणून लिहिलं, 'आठवण'.

काकांना दाखवायला बोलावलं. ते चष्मा लावून खुर्ची पुढे ओढून बसले.

"आठवन?" ते म्हणाले. "आठवन मानूस मेल्यावर येती, ताई. जित्त्या मानसाला तगादा लावत्यात."

"चालेल हो काका. साहेबांना हाच शब्द आवडला."

"ह्याला डोळं हायेत का?"

"नाही. हे फक्त शब्द वाचतं."

"मग मानूस खोटं बोलला तर?"

"तर यालाही खोटंच कळणार."

"आन् खोटंबी न्हाई, खरंबी न्हाई, असं बोलला तर?"

मी हसले. ते हसले नाहीत. बोट पडद्याला टेकवून म्हणाले, "एक करा. नुसतं 'झालं' असंल तरच हिरवं. मागं-पुढं एक अक्षर आलं तरी हिरवं करायचं न्हाई." मी म्हटलं, तसंच करते. आणि केलंही. मॅक्रोमध्ये तेव्हा बरोबरीची खूण होती: चौकटीतला शब्द आणि रकान्यातला शब्द तंतोतंत सारखे असले पाहिजेत.

महिन्याभरात तक्रारी सुरू झाल्या. माणसं 'झालं' एवढंच कुठं लिहितात? कुणी पुढे टिंब देई, कुणी 'झालं साहेब' लिही, कुणी 'काल दुपारी झालं'. काम होऊनही रोज सकाळी आठवण. लोक वैतागले. देशमाने साहेब म्हणाले, "अहो, जरा ढिलं करा की." मी बरोबरीची खूण काढली आणि त्या जागी असं लिहिलं, की रकान्यात कुठेही 'झालं' सापडलं तरी चालेल. पाच मिनिटांचं काम. 'झालं.', 'झालं साहेब', 'काम झालं' अशा ओळी टाकून तपासलं; सगळ्या हिरव्या झाल्या. तक्रारी थांबल्या आणि साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं.

काकांना मात्र मी सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं मी पुढे चौकशीत म्हणाले. खरी गोष्ट अशी, की मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. ते येऊन माझ्या खुर्चीमागे हात बांधून उभे राहिले असते.

मग त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. फेरी बंद. कॉम्प्रेसर रूमला कार्ड दाखवून उघडणारं दार लागलं आणि त्यांच्या कार्डावर ते उघडत नव्हतं. स्टोअरच्या खिडकीपाशी, स्क्रूच्या डब्यांच्या मधे ते बसून असत. खडू खिशात होताच. खिडकीतून मागचं आवार आणि कॉम्प्रेसर रूमचं दार दिसायचं. येता-जाता मला वाटे, हा माणूस सबंध दिवस त्या दाराकडे बघत असतो.

त्याचं कारण होतं. फेरी बंद व्हायच्या आधल्या आठवड्यात त्यांनी त्या खोलीतला सेन्सर तपासला होता. गॅस सुटला तर ओरडणारी, पंखे आपोआप सुरू करणारी भिंतीवरची एक छोटी पेटी. अमोनियाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यांनी तिच्या नाकाशी धरलं होतं. पेटी गप्प. त्यांनी तिच्याखाली भिंतीवर फुली मारली, मला येऊन सांगितलं आणि मी फाईलमध्ये ओळ घातली: सेन्सर बदलणे, बापू दरेकर. नवा सेन्सर मागवावा लागणार होता.

बापू दरेकर कॉम्प्रेसर सांभाळायचा. पुणतांब्याचा, हसरा, कामाला वाघ. कुठलंही काम सांगा, तो अर्धं ऐकूनच म्हणणार, "झालंच समजा!" आम्ही त्याला चिडवायचो की याच्या लग्नपत्रिकेवरही तेच छापलं असणार.

पुढे एक ऑडिट आलं. त्याआधी सगळ्या भिंतींना रंग द्यायचं ठरलं. रंगाऱ्याला कुठून कुठपर्यंत ते दाखवायला मीच गेले होते. सेन्सरखालची फुली मी पाहिली. फाईलमध्ये आहेच ती, असा विचार केला आणि बोटानं त्याला दाखवलं, इथपर्यंत. फुली गेली.

त्यानंतर काका दर सोमवारी मला विचारायचे. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"ताई, दरेकरच्या सेन्सरची आठवन जाती का रोज?"

"जाते काका."

"बघितलं का?"

"त्यात बघायचं काय? मॅक्रो आहे तो. विसरत नाही."

ते मान हलवायचे आणि खिडकीकडे वळायचे. चारेक सोमवार असे गेले. मी एकदाही ती ओळ उघडून पाहिली नाही. त्या दिवसांत फाईल उघडली की वरपासून खालपर्यंत सगळं हिरवंगार दिसायचं. इतकं हिरवं आमच्या कारखान्यात पूर्वी कधी नव्हतं. याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटत होता.

ते घडलं सकाळी अकराच्या सुमारास, लख्ख उन्हात. बापू आत तेल काढत होता. व्हॉल्व्हची चकती सुटली आणि अमोनिया बाहेर आला. पेटी ओरडली नाही, पंखे सुरू झाले नाहीत, कुणी पळालं नाही. कार्यालयात आम्ही चहा घेत होतो.

वास पहिल्यांदा आला तो काकांना, स्टोअरच्या खिडकीत. त्यांनी तिथूनच ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. गेटजवळ लिंबाखाली आम्ही जमलो, माझ्या हातात हजेरीचा कागद होता आणि मी नावं वाचत होते. दरेकरच्या नावाला उत्तर आलं नाही. तेवढ्यात काका पिंपात टॉवेल बुचकळताना दिसले. तो त्यांनी तोंडाला बांधला, देशमाने साहेबांच्या गळ्यातलं कार्ड ओढून घेतलं आणि आत गेले.

बापूला त्यांनी बगलेत धरून ओढत बाहेर आणलं. तो खोकत होता, डोळे मिटलेले, पण जिवंत होता. साहेब ओरडले, "साळवे, बास! अग्निशमनची गाडी येतेय!" काकांनी टॉवेल पुन्हा भिजवला.

"गाडी यील, पन व्हॉल्व कुठला ते गाडीवाल्याला काय म्हाइत?" असं म्हणून ते परत वळले.

व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला. दारातून येणारा पांढरा धूर विरत गेला त्यावरून आम्हाला ते बाहेर कळलं. पण दुसऱ्या वेळी ते स्वतःच्या पायांनी बाहेर आले नाहीत.

त्यांना नगरला घेऊन गाडी गेल्यावर मी जागेवर आले आणि फाईल उघडली. सेन्सरची ओळ हिरवी होती. स्थितीच्या रकान्यात बापूनं लिहिलं होतं, 'झालंच समजा'. लिहून बरेच आठवडे झाले होते. त्यात 'झालं' होतं, मॅक्रोला ते सापडलं होतं आणि त्या दिवसापासून बापूला एकही आठवण गेली नव्हती. मी खाली खाली जात राहिले. 'झालं म्हणायला हरकत नाही', हिरवी. 'झालं की कळवतो', हिरवी. एकानं तर प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'झालं नाही, सामान आलं नाही'. तीही हिरवी. तो बिचारा खरं सांगत होता आणि मी लिहिलेला हुकूम त्यातलं पुढचं वाचतच नव्हता. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं? मला त्या शब्दाचीच शिसारी आली.

चार दिवस मी त्यांना भेटायला गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. बापू सुधारत होता, काकांचं मात्र डॉक्टर काही सांगत नव्हते. पाचव्या दिवशी सकाळी एक कॉम्प्रेसर सुरू करायचं ठरलं, कारण दूध थांबवता येत नव्हतं. मी सुट्टी टाकून नगरला निघाले आणि बसमधून देशमाने साहेबांना फोन लावला. मला एवढंच हवं होतं, की काकांना सांगायला काहीतरी हातात असावं.

"साहेब, नवा सेन्सर लागला का?"

"काल आलाय. माणूस सांगितलाय. तुम्ही काळजी करू नका, झालंच समजा."

मला 'समजा' ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं. मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे सुजलेले, लाल, अर्धवट उघडे. पलंगाशेजारी त्यांची बायको जपमाळ घेऊन बसली होती. ती उठून मला जागा देत म्हणाली, "बोल बाई, त्यास्नी ऐकू येतंय. बोलता येत न्हाई."

माफी मागायची असं बसमध्ये शंभर वेळा ठरवलं होतं. मॅक्रोत काय बदललं होतं, का सांगितलं नाही, फुलीवर रंग कुणी मारायला लावला, सगळं. पण मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "काका, सेन्सर बसवला. झालं."

'समजा' मी गाळलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. ती नजर मला चांगली ओळखीची होती, दर सोमवारची. बोलता येत असतं तर त्यांनी दोनच शब्द विचारले असते. मी त्यांच्यावरून नजर काढून घेतली. तेव्हा चादरीवरचा त्यांचा उजवा हात हलला. बोट पुढे आलं. पांढऱ्या चादरीवर त्यांनी सावकाश एक तिरकी रेघ ओढली. थोडं थांबले, दम घेतला. मग तिला छेदून दुसरी.

"काय पाहिजे? पानी?" त्यांच्या बायकोनं विचारलं. ते माझ्याकडेच बघत होते.

मी तशीच उठले आणि सुप्याला परत आले. कॉम्प्रेसर सुरू होता, बाहेरपर्यंत घरघर ऐकू येत होती. आत भिंतीवर जुनी पेटी काढून टाकलेली होती आणि त्या जागी दोन वायरी लोंबत होत्या. नवा सेन्सर स्टोअरमध्ये काकांच्या टेबलावर सापडला. खोक्याची चिकटपट्टीही निघालेली नव्हती. मी ते हातात घेऊन उभी होते तेव्हा अनोळखी नंबरावरून फोन आला. काकांचा मुलगा होता. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "बाबा गेले, ताई. दुपारी, तुम्ही निघाल्यावर थोड्याच वेळात."

त्यांच्या टेबलाच्या खणात टेप गुंडाळलेले तीन खडू होते. एक घेऊन मी कॉम्प्रेसर रूममध्ये गेले आणि त्या वायरींच्या खाली, मीच रंगवून घेतलेल्या भिंतीवर फुली मारली. खाली तारीख घातली. मग ज्या माणसाला काम सांगितलं होतं त्याला शोधून काढलं. तो पॅकिंगमध्ये होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, चला तुमी, आलोच मी."

मी हात पाठीमागे बांधले आणि त्याच्या मागे उभी राहिले.